एकच दृश्य, तीन कॅमेरे: रॉ फाईल एडिट करून तुलना कशी करायची

“ताई, कुठली बॉडी घेऊ?” लग्नसराई संपली, हातात चार पैसे आले की हा प्रश्न सुरू होतो. बॉडी म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा. मी कोल्हापुरात फोटो एडिटिंगचं काम करते. इचलकरंजी, गडहिंग्लज, सांगली, निपाणी इकडच्या ऑर्डरी माझ्याकडे हार्ड डिस्कवर येतात. एकाच लग्नात ट्रॅडिशनलवाल्याच्या हातात एक कॅमेरा असतो, कँडिडवाल्याच्या हातात दुसरा. अक्षता पडतानाचा क्षण तोच, नवरा-नवरी तीच, आणि एका फाईलमध्ये शालू लालभडक तर दुसरीत विटकरी. मग ज्याची फाईल उघडल्याबरोबर छान दिसली त्याचा कॅमेरा भारी, असं ठरवून लोक मोकळे होतात. दीड-दोन लाखांची खरेदी एवढ्याशा नजरभेटीवर होते, हे मला बघवत नाही. म्हणून माझी पद्धत इथे सविस्तर लिहिते.

रॉ फाईल म्हणजे तयार चित्र नव्हे. सेन्सरवरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पृष्ठभागावरच्या, प्रत्येक ठिपक्यावर किती उजेड पडला याच्या आकड्यांची ती नोंद असते, आणि एकेका ठिपक्याला लाल, हिरवा, निळा यांपैकी एकाच रंगाचा आकडा ठाऊक असतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावावर १९७६ साली पेटंट झालेली मांडणी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे: चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. उरलेले रंग सॉफ्टवेअर आजूबाजूच्या ठिपक्यांवरून काढतं. त्यावर त्या मॉडेलसाठी बनवलेला रंगांचा प्रोफाईल (आकड्यांचे रंग कसे करायचे याचा तक्ता) चढतो, उजेडाची थोडी छुपी भर पडते, कॉन्ट्रास्टचा कर्व्ह लागतो, शार्पनिंग होतं म्हणजे कडा धारदार होतात, आणि मग तुम्हाला पडद्यावर काहीतरी दिसतं. म्हणजे लाईटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडल्याबरोबर जो फरक दिसतो, त्यातला बराचसा सॉफ्टवेअरचा असतो. दोन घरच्या डाळी पारखायच्या तर फोडणीच्या आधी चाखाव्या लागतात. आधी सगळ्या फाईली एका पातळीवर आणायच्या, मग त्यांना ताणायचं, म्हणजे उजेड मुद्दाम वाढवून-घटवून बघायचं, आणि ताणल्यावरही जो फरक मिटत नाही तो कॅमेऱ्याच्या नावावर लिहायचा.

उदाहरणासाठी मी तीन बॉडी धरते. कॅनन ५डी मार्क थ्री, २०१२ सालची, २२ मेगापिक्सेल. आमच्या भागात अजून कितीतरी जणांचा संसार तिच्यावर चालतो आणि सेकंड हँड बाजारातही ती भरपूर मिळते. सोनी ए७ थ्री, २०१८ सालची, २४ मेगापिक्सेल, कॅननसारखीच फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर. आणि फुजी एक्स-टी३, तीही २०१८ सालची, २६ मेगापिक्सेल, पण सेन्सर लहान. हिची रंगांची मांडणीही बायरची नाही. एक्स-ट्रान्स नावाची ३६ ठिपक्यांची आहे, त्यात २० हिरवे, ८ लाल, ८ निळे. जुनी, नवी आणि वेगळ्या जातीची अशा तिघी एकत्र ठेवल्या की तुलना म्हणजे काय ते नीट कळतं.

काय मांडायचं

लोक रंकाळ्यावर जाऊन सूर्यास्त काढतात आणि तुलना करतात. त्यातून काही हाती लागत नाही. सूर्यास्ताचा उजेड मिनिटाला बदलतो, आणि आभाळाचा केशरी रंग खरा किती होता हे नंतर सांगणार कोण? दृश्य असं हवं की रंग तुमच्या डोळ्यांसमोर असतील, परत परत बघता येतील, आणि तुमच्या कामात रोज लागणारे असतील.

मी उत्तरेच्या खिडकीशेजारी टेबल लावते. त्यावर पांढऱ्या बशीत हळद आणि कुंकू, शेजारी जांभळी पैठणी, पदराची जर दिसेल अशी. एक स्टीलचा तांब्या खिडकीकडे तोंड करून, म्हणजे त्यावर झळाळ येते. मागे काळं कापड, तेही एक सुती आणि एक टेरिकॉटचं. आणि खुर्चीवर आमच्या वहिनी, हातात हिरवा चुडा भरून. माणूस हवाच. रंगांच्या पट्ट्या कितीही जुळल्या तरी गालाचा आणि मानेचा रंग बिघडला की अल्बम परत येतो. सोबत २४ घरांचा कलरचेकर, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकोनांचं कार्ड, आणि एक ग्रे कार्ड, म्हणजे नुसतं करडं कार्ड. कलरचेकर महाग वाटला तर निदान चांगलं ग्रे कार्ड घ्या. त्याच्याशिवाय या खटाटोपात पडू नका.

दोन काळी कापडं का, तर काही कृत्रिम धाग्यांच्या कापडांवरून डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड किरण जोरात परततात. सेन्सरसमोरची काच ते पुरेसे अडवत नसेल तर काळा रंग लालसर-जांभळट येतो. २००६ साली आलेल्या लायका एम८ मध्ये हा प्रकार इतका ठळक होता की लेन्सवर वेगळा फिल्टर लावावा लागे. आजच्या कॅमेऱ्यांत तो क्वचित दिसतो, पण नवरदेवाच्या काळ्या कोटावर सूक्ष्म तांबूस झाक आली तर ती कुठून आली हे या दोन कापडांवरून ताबडतोब कळतं.

उजेडाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. घरातले सगळे दिवे बंद. समोरच्या घराची भिंत पोपटी असेल तर तिचा रंग खिडकीतून आत येतो, तेव्हा जागा बदला. आषाढात आभाळ एकसारखं भरलेलं असतं तेव्हा खिडकीचा उजेड बराच वेळ टिकतो. श्रावणात ऊन-पाऊस चालू झाला की हे काम करू नये. एलईडीच्या उजेडात काढायचंच असेल तर लक्षात ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं तर पट्टे आणि उजेडाची चढउतार टळते. शटर मेकॅनिकलच वापरा.

फोटो काढताना

ट्रायपॉड एकाच जागी, लेन्स एकाच उंचीवर. जागा हलली की वस्तूंचं एकमेकांशी दिसणारं नातं बदलतं, मग फोटो एकावर एक बसत नाहीत. फुल फ्रेमवर ५० मिलिमीटर लावलं असेल तर फुजीवर ३५ लावा. लहान सेन्सरमुळे ते साधारण ५२ सारखं दिसतं. कॅनन आणि सोनीला शक्य असेल तर ॲडॉप्टर लावून एकच ५० ची लेन्स वापरा, कारण लेन्सच्या कोटिंगमुळेही रंगात थोडा फरक पडतो आणि दोष बॉडीच्या माथी बसतो.

ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), शटर (उजेड किती वेळ आत), आयएसओ (उजेड किती वाढवून दाखवायचा) तिन्ही कॅमेऱ्यांवर सारखं आणि हाताने ठरवलेलं. मी एफ ५.६, १/१२५, आयएसओ २०० यावरून सुरुवात करते. एक्स-टी३ चा सगळ्यात खालचा मूळ आयएसओ १६० आहे, म्हणून १०० न धरता २०० धरायचा. इथे जाणकार लगेच म्हणतील, फुजीवर ५.६ ला जेवढं फोकसमध्ये राहतं तेवढं फुल फ्रेमवर हवं असेल तर ८ लागेल. बरोबर आहे. पण मग फुल फ्रेमला एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) आयएसओ वाढवावा लागेल आणि नॉईजमधला, म्हणजे फोटोतल्या दाण्यांमधला, तिचा फायदा जवळजवळ तिथेच संपेल. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, विशेषतः स्टेजवर पंधरा-वीस नातेवाईक तीन ओळींत उभे करून काढणाऱ्यांसाठी. तो वेगळ्या फेरीत तपासा. रंगांच्या फेरीत सगळ्यांवर एकच उजेड पडू द्या.

सारखा आयएसओ म्हणजे सारखी रॉ फाईल, असं मात्र धरू नका. आयएसओचं प्रमाण कॅमेऱ्याच्या तयार जेपेगशी बांधलेलं आहे. सेन्सरचा आकडा किती असावा हे ते सांगत नाही. एक कंपनी रॉमध्ये कमी उजेड नोंदवून जेपेगमध्ये तो वर ओढते, दुसरी तसं करत नाही. म्हणून तीच सेटिंग असताना फुजीची फाईल लाईटरूममध्ये बहुतेक वेळा थोडी गडद उघडते. त्यावरून “फुजी अंडर मारते”, म्हणजे उजेड कमी घेते, असं म्हणण्यात अर्थ नाही. ती पोहोचते कुठवर, हे पुढे ठरणार आहे.

मेन्यूत जाऊन काही गोष्टी बंद करा. कॅननमधली हायलाईट टोन प्रायॉरिटी रॉच्या एक्सपोजरलाच (नोंदवलेल्या उजेडालाच) हात घालते. फुजीचा डायनॅमिक रेंज १०० वर ठेवा. २०० किंवा ४०० केला की कॅमेरा मुद्दाम कमी उजेड नोंदवतो. सोनीवर अनकंप्रेस्ड रॉ निवडा. लाँग एक्सपोजर नॉईज रिडक्शन सगळीकडे बंद. पिक्चर स्टाईल, क्रिएटिव्ह स्टाईल, फिल्म सिम्युलेशन काही असलं तरी रॉच्या आकड्यांना फरक पडत नाही, पण मागच्या स्क्रीनवरचा फोटो आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) त्यावरूनच बनतो. तेव्हा स्क्रीन बघून मत बनवू नका.

मग प्रत्येक कॅमेऱ्यावर एक मालिका: एक बरोबर एक्सपोजरचा, एक-एक स्टॉपने वाढवत तीन जास्तीचे, आणि एक चार स्टॉप कमीचा, म्हणजे १/१२५ चं १/२०००. शटरनेच बदला, ॲपर्चरला हात लावू नका. टायमर दोन सेकंदांचा. फोकस मॅन्युअल, कलरचेकरच्या काठावर मोठं करून बघून. तिन्ही कॅमेरे पटापट उरका, आणि दर फ्रेममध्ये ग्रे कार्ड दिसू द्या, म्हणजे मध्ये एखादा ढग आला तरी हिशेब जुळवता येतो.

पहिली फेरी: सगळ्यांना एका ओळीत आणणं

सॉफ्टवेअर एकच. कॅननची फाईल कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि सोनीची कॅप्चर वनमध्ये उघडून तुलना केली, तर तुम्ही दोन सॉफ्टवेअर तपासलीत. मी लाईटरूम क्लासिक वापरते. पैसे घालायचे नसतील तर रॉथेरपी आणि डार्कटेबल ही दोन्ही फुकट आहेत आणि या कामाला उत्तम आहेत. रॉथेरपीत ‘न्यूट्रल’ लावलं की फोडणी बऱ्यापैकी उतरते.

आधी प्रोफाईल. लाईटरूम हल्ली आपणहून ‘अडोबी कलर’ लावतं. तिन्ही फाईलींना ‘अडोबी स्टँडर्ड’ लावा. ‘कॅमेरा स्टँडर्ड’ किंवा ‘प्रोव्हिया’ लावलं तर प्रत्येक कंपनीच्या जेपेगची नक्कल समोर येते. ती आवडीनिवडीची गोष्ट आहे, तिची पाळी दुसऱ्या फेरीत. मग डिटेलमध्ये जा. रॉ फाईलवर शार्पनिंग ४० आणि कलर नॉईज रिडक्शन २५ असं मुळातच लागलेलं असतं. शार्पनिंग शून्य करा. कलर नॉईज तूर्त २५ राहू दे, नॉईज बघताना तेही शून्यावर आणायचं. लेन्स करेक्शन सगळ्यांना लावा, कारण मिररलेसच्या काही लेन्सना ते आतूनच लागलेलं असतं आणि बंद करता येत नाही.

व्हाईट बॅलन्स ड्रॉपरने घ्या, कलरचेकरमधल्या पांढऱ्या घराशेजारच्या फिकट करड्या घरावर. केल्व्हिनचे, म्हणजे उजेड पिवळा की निळा हे सांगणारे, आकडे तीन फाईलींत तीन येतील. येऊ देत. एकात ५१००, दुसऱ्यात ५४०० आलं म्हणून दोन्हींत ५२५० टाकणारे लोक मी पाहिलेत. तो आकडा त्या-त्या कॅमेऱ्याच्या प्रोफाईलमधून काढलेला असतो, तो दुसऱ्याला लावून उपयोग नाही. करडा रंग करडा दिसणं महत्त्वाचं.

मग उजेड. हिस्टोग्रामवर राईट क्लिक करून लॅबचे आकडे (एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरवा-लाल, बी म्हणजे निळा-पिवळा) चालू करा आणि १८ टक्क्यांच्या ग्रे कार्डवर कर्सर ठेवा. एलचा आकडा ५० च्या आसपास येईपर्यंत एक्सपोजर सरकवा. प्रत्येक कॅमेऱ्याला किती सरकवावं लागलं ते वहीत लिहून ठेवा. हा आकडा पुढे फार कामाचा आहे. ए आणि बी शून्याजवळ असले म्हणजे व्हाईट बॅलन्स बसला.

एवढं केल्यावर तिन्ही फोटो शेजारी ठेवा. ज्यांनी पहिल्यांदा केलंय ते सगळे गप्प होतात, कारण शालूचा तो लाल-विटकरी फरक बराचसा गेलेला असतो. कलरचेकरवरून प्रत्येक कॅमेऱ्याचा स्वतःचा प्रोफाईल बनवला तर उरलेलाही आणखी कमी होतो. त्यासाठीचं सॉफ्टवेअर कलरचेकर बनवणारी कंपनीच देते. पट्टीवर उजेड एकसारखा पडलेला असला की काम झालं.

कुंकवाशी थोडं थांबा

लाल रंगावरून आमच्याकडे जेवढे वाद होतात तेवढे कशावरूनच होत नाहीत, म्हणून हे नीट बघा. बशीतलं कुंकू शंभर टक्क्यांवर मोठं करा. डोळ्यांना दिसतात तशी कुंकवाची कणी, चिमटीने उचलल्याचा खळगा, कडेची बारीक सावली, हे फोटोत दिसतंय का? बऱ्याचदा तिथे लाल रंगाचा एक सपाट डाग असतो. आणि ताबडतोब निकाल लागतो: “या कॅमेऱ्याचा लाल फुटतो.”

आता एक्सपोजर एक स्टॉप खाली ओढा. खळगा आणि कणी परत आली? मग सेन्सरने सगळं नोंदवलेलं होतं. प्रोफाईलने रंग इतका गडद केला की लाल चॅनेल (फक्त लालचे आकडे) पडद्याच्या मर्यादेला जाऊन टेकला. एक्सपोजर परत जागेवर आणा आणि प्रोफाईल ‘अडोबी न्यूट्रल’ करा, किंवा एचएसएलमध्ये (एकेक रंग वेगळा बदलायच्या भागात) फक्त लालचा सॅच्युरेशन (गडदपणा) दहा-पंधराने उतरवा. कुंकू जिवंत होतं. तिन्ही कॅमेऱ्यांत हे करून बघा; बरोबर एक्सपोजरच्या फाईलीत कुंकू खरोखर फुटलेलं क्वचितच सापडतं.

खाली ओढूनही डाग सपाटच राहिला तर मात्र रॉमध्येच माहिती संपली आहे. खात्री करायला फास्टरॉव्ह्यूअरसारखं सॉफ्टवेअर आहे, त्यात रॉचा खरा हिस्टोग्राम लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दिसतो. पिवळ्या हॅलोजनच्या उजेडात लाल चॅनेल लवकर भरतो, तेव्हा स्टेजच्या फोटोंत हे घडतं. दोष तेव्हाही एक्सपोजरचा असतो, बॉडीचा नसतो.

जांभळ्या पैठणीचं प्रकरण वेगळं आहे आणि माझ्या मते सगळ्यात खरं आहे. आपले डोळे आणि सेन्सरवरचे रंगीत फिल्टर उजेडाचं एकसारखं विभाजन करत नाहीत. त्यामुळे डोळ्यांना सारखे वाटणारे दोन जांभळे कॅमेऱ्याला वेगळे वाटू शकतात, आणि दोन कॅमेऱ्यांचं एकाच जांभळ्यावर एकमत होत नाही. कलरचेकरची चोवीसही घरं जुळली तरी पदर एकात निळसर आणि दुसऱ्यात वांगी रंगाचा येऊ शकतो. असा फरक प्रोफाईल बनवूनही टिकला तर वहीत लिहा. हा कॅमेऱ्याचा. एडिट करताना त्या साडीसाठी वेगळा मास्क (फक्त तेवढ्याच भागाला बदल लावणारी निवड) लागणार आणि शंभर फोटोंत लागणार, म्हणजे तो तुमच्या वेळेचा खर्च आहे.

ताणून बघणं

चार स्टॉप कमीची फाईल घ्या आणि एक्सपोजर अधिक चार करा. काळ्या कापडाच्या घड्या बघा. ५डी मार्क थ्रीच्या फाईलीत इथे नुसते दाणे येत नाहीत, आडवे-उभे पट्टे येतात. त्या काळच्या कॅनन सेन्सरमध्ये आकड्यांत रूपांतर करण्याचं काम सेन्सरच्या बाहेर व्हायचं आणि त्या वाटेवरचा गोंधळ सावलीत उमटायचा. दाणे नॉईज रिडक्शनने निवळतात, पट्टे हट्टी असतात. सोनीची फाईल इथे फार स्वच्छ राहते. फुजीतही पट्टे नाहीत, दाणे मात्र सोनीपेक्षा जास्त. तिच्या सेन्सरचं क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या निम्म्याहून कमी आहे, तेव्हा ते साहजिकच. सावलीत हिरवी किंवा गुलाबी झाक चढली का, हेही बघा. वहिनींच्या केसांच्या मुळाशी ती पटकन दिसते.

पण चार स्टॉप कोण उचलतं? ज्याचं एक्सपोजर नीट असतं तो दीड-दोनच्या पलीकडे जात नाही, आणि तिथे ५डी मार्क थ्री आजही छान काम देते. म्हणून अधिक दोनवरही एकदा थांबून बघा, नाहीतर कधीच लागणार नाही अशा गुणासाठी पैसे जातील.

जास्तीच्या फाईली उलट दिशेने. अधिक एक, दोन, तीन स्टॉपच्या फाईली तेवढ्याच खाली ओढून एलचा आकडा पुन्हा ५० वर आणा आणि हळद बघा. हळदीचा रंग कुठल्या पायरीवर लिंबासारखा फिका पडतो? कुठे कण दिसेनासे होतात? चॅनेल एकामागून एक भरतात; दिवसाच्या उजेडात बहुतेक हिरवा आधी भरतो, आणि सॉफ्टवेअर उरलेल्या चॅनेलवरून अंदाजाने भर घालतं. तांब्यावरची झळाळ आणि वहिनींच्या कपाळावरची चकाकी एकत्र बघा. कपाळावर पिवळट ठिगळ दिसलं की ती पायरी त्या कॅमेऱ्यासाठी संपली. इथे फुजीची आधीची गडद फाईल आठवा: जिने रॉमध्ये उजेड कमी नोंदवला तिच्याकडे वरच्या बाजूला जागा जास्त उरते. सावली आणि झळाळ हे दोन्ही निकाल एकत्र वाचायचे, एकटा एक वाचून काही ठरवायचं नाही.

दुसरी फेरी: प्रत्येकीला तिच्या कलाने

आता नियम सैल करा. बरोबर एक्सपोजरची फाईल घ्या आणि अल्बमला जाईल असा फोटो बनवा. प्रोफाईल हवा तो, शार्पनिंग हवं तेवढं, मास्क हवे तितके. फक्त दोन गोष्टी पाळा: तिन्हींचं उद्दिष्ट एकच असू दे, म्हणजे साडीचा रंग टेबलावरच्या साडीसारखा आणि त्वचा वहिनींसारखी, आणि प्रत्येकीला वेळ सारखा द्या, घड्याळ लावून. त्वचेसाठी लॅबचे आकडे मदतीला घ्या. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या रंगात बी बहुतेक ए पेक्षा थोडा जास्त असतो. ए बीच्या वर गेला की चेहरा तापल्यासारखा लाल दिसतो.

फुजीच्या फाईलीला शार्पनिंगचा नेहमीचा हात लावू नका. एक्स-ट्रान्सच्या मांडणीमुळे लाईटरूममध्ये जास्त शार्प केलं की पैठणीच्या विणीत आणि केसांत अळ्यांसारख्या वळवळत्या रेघा उठतात. लाईटरूममधलं ‘एन्हान्स’ किंवा रॉथेरपीतली मार्केस्टाइन पद्धत वापरली की त्याच फाईलीतून वेगळंच काहीतरी निघतं. ज्याला हे ठाऊक नाही तो फुजीला नापास करतो.

आकार, पडदा आणि निकाल

२२, २४ आणि २६ मेगापिक्सेल शंभर टक्क्यांवर शेजारी ठेवले तर मोठी फाईल विनाकारण जास्त दाणेदार वाटते. म्हणून सगळ्या एका मापाला आणा. आपला अल्बम १२ बाय ३६ चा असतो, म्हणजे एका बाजूचं पान १२ बाय १८ इंच. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते ५४०० बाय ३६०० पिक्सेल होतं. तिन्ही कॅमेऱ्यांची फाईल याहून थोडी मोठीच आहे, तेव्हा कुणावर अन्याय होत नाही. एक्सपोर्ट एसआरजीबीमध्ये (पडद्यांच्या नेहमीच्या रंगमापात), आउटपुट शार्पनिंग बंद.

मॉनिटर कॅलिब्रेट केलेला हवा: पांढरा डी६५, गॅमा २.२, ब्राइटनेस १२० कँडेलाच्या आसपास. रात्रीचा पिवळा मोड बंद. मोबाईलवर पाठवून “कुठला आवडला” विचारणं म्हणजे त्या मोबाईलच्या पडद्याला मत विचारणं. व्हॉट्सॲप फाईल दाबून पाठवतं ते आणखी वेगळं.

नावं झाका. घरातल्या कुणालातरी फाईलींना अ, ब, क अशी नावं द्यायला सांगा, एक्सपोर्ट करतानाच कॅमेऱ्याची माहिती काढून टाका, आणि मग दुसऱ्या दिवशी बसा. ब्रँडचं प्रेम डोळ्यांत असतं, ते असं बाजूला काढावं लागतं. शेजारी-शेजारी बघण्यापेक्षा फोटोशॉपमध्ये तिन्ही एकावर एक ठेवून, ‘ऑटो अलाइन’ करून, लेअरचा डोळा चालू-बंद करत बघा. एकाच जागी फोटो बदलला की नजर फरक अचूक पकडते; शेजारच्या फोटोकडे मान वळवली की रंग विसरायला होतो. एवढं झाल्यावर एक पान फोटो छापणाऱ्या लॅबमधून छापून घ्या. पडद्यावर दिसलेले कितीतरी दाणे कागदावर सापडत नाहीत.

निकाल लिहिताना पहिला-दुसरा नंबर देऊ नका. साडी कुठली अडली, सावली किती उचलली, झळाळ कुठे तुटली, आणि त्या ठिकाणी पोचायला किती मिनिटं लागली, हे लिहा. संध्याकाळच्या रिसेप्शनचं काम जास्त असणाऱ्याला सावलीचा रकाना महत्त्वाचा. दुपारचा मुहूर्त, उघडा मांडव, असं ज्याचं काम आहे त्याने झळाळीचा रकाना वाचावा. आणि ज्याचे दोन-तीन कॅमेरे एकत्र चालतात त्याने नवी बॉडी घेण्याआधी हे बघावं की जुन्या बॉडीशी ती किती मिनिटांत जुळते. लग्नाला हजारांनी फोटो असतात, तिथे फोटोमागे दहा सेकंद वाचले तरी मोठी गोष्ट आहे.

वहीतले आकडे तिथेच ठेवू नका. प्रत्येक कॅमेऱ्याचा स्वतःचा प्रोफाईल, एक्सपोजरची भर आणि शार्पनिंग यांचा एकेक प्रीसेट (एका क्लिकमध्ये लागणारी साठवलेली सेटिंग) करा. लाईटरूमच्या प्रेफरन्सेसमध्ये रॉ डीफॉल्ट्स आहेत, तिथे कॅमेऱ्यागणिक, हवं तर बॉडीच्या सीरियल नंबरगणिक, वेगळा प्रीसेट जोडता येतो. व्हाईट बॅलन्स त्या प्रीसेटमध्ये घेऊ नका, तो प्रत्येक हॉलच्या उजेडावर ठरतो. पुढच्या ऑर्डरची कार्डं इम्पोर्ट केली की तिन्ही कॅमेऱ्यांच्या फाईली जवळपास एका रंगात उघडतील, आणि तुमचं काम हॉलमधल्या ग्रे कार्डच्या फ्रेमवर ड्रॉपर ठेवण्यापासून सुरू होईल. ती फ्रेम प्रत्येक फोटोग्राफरने, प्रत्येक हॉलमध्ये, दिवे बदलले की पुन्हा काढायची, हे ऑर्डर ठरवतानाच सांगून ठेवा.